वयाचंच असेल

४ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. कशाला हवा ते मी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. नऊ वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करतात हे मला ठाऊक नाही. म्हणून सुरुवात सोडून देते आणि कामाचं तेवढं लिहिते.

गेल्या आठवड्यात मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी घरातल्या आजारांची चौकशी केली. मी आईचं सांगितलं. त्यांनी विचारलं, सख्खी बहीण आहे का. मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, मग त्यांना कळवा, आईचा आजार लेकींच्या डॉक्टरांना माहीत असायला हवा.

तर कळवते. तू आता त्रेपन्न वर्षांची. तुझी पाळी गेली की अजून आहे, मला माहीत नाही. गेली असेल आणि त्यानंतर एखादा डाग जरी दिसला असेल, तर दाखवून ये. दिसला नसेल तरी तुझ्या डॉक्टरांना सांगून ठेव की आईला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होता. एवढंच वाक्य सांगायचं, बाकीचं ते विचारतात.

मी बरी आहे. माझी तपासणी किरकोळ होती. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपलं काय होतं ते दोघींना माहीत आहे. उत्तर पाठवायला हवंच असं नाही. भावोजींना नमस्कार.

धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. त्यात 'किरकोळ' हा शब्द चुकला होता. चुका काढणं हाच माझा धंदा, म्हणून दुरुस्ती पाठवते.

आमचं काम कसं चालतं हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. मी अजून त्याच छापखान्यात आहे. औषधांच्या खोक्यात घडी घालून पत्रक असतं ना, कुणीच वाचत नाही ते? ते आम्ही छापतो. माझ्यासमोर एक बाई बसते, तिला सगळे वाचणारीण म्हणतात. ती मूळ प्रत मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रूफ बघते. 'योनीमार्गातून रक्तस्राव, स्वल्पविराम, खाज, स्वल्पविराम, दाह, पूर्णविराम.' दिवसाचे आठ तास. मी नवी होते तेव्हा यंत्रावरची माणसं आमच्या दाराशी रेंगाळायची. आता कुणी मानही वर करत नाही.

तर खाज. पाच महिन्यांपासून होती. आधी मी साबणाला दोष दिला, मग कपड्यांच्या पावडरीला, मग कचेरीतल्या खुर्चीच्या रेक्झिनला. टाल्कम लावून पाहिली, त्याने आणखी चिडलं. अंगावर काढायचं ठरवलं की माणसाला कारणांचा तोटा पडत नाही. एका रविवारी दुपारी न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. घरात मी एकटी. कडी कोणासाठी लावली, कोण जाणे.

एक पाय स्टुलावर, पर्समधला गोल आरसा हातात, मोबाइलचा दिवा साबणाच्या ताटलीत उभा केलेला. तो दोनदा बादलीत पडता पडता वाचला. मग मी पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. डोळे तपासायला दर वर्षी जाते, दातांना दर सहा महिन्यांनी, आणि इथे कधी डोकावलेसुद्धा नव्हते. आतल्या पाकळ्यांपैकी एक लांब, एक आखूड. हे असंच असतं की काही झालंय, मला कळेना. (असंच असतं. नंतर विचारलं.) वरच्या बाजूला मात्र एक पांढरा पट्टा होता, आमच्या पत्रकांच्या कागदासारखी पातळ, सुरकुतलेली कातडी, आणि तिच्यात एक बारीक चीर. बोटाने हलके दाबून पाहिलं. गाठ लागली नाही. पुसलं तर निघत नव्हतं. मूळ प्रत हातात नसताना प्रूफ तपासायचं, तसं वाटलं. चूक कशाला म्हणायचं तेच माहीत नाही.

एका रद्दी कागदाच्या मागे मी त्याचं चित्र काढून ठेवलं, तारीख घातली. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहिलं तर पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरला होता. तेव्हा गेले.

डॉक्टरीणबाई आपल्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलतात. मी चित्र पुढे केलं तर बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "इथे रोज वीसजणी येतात आणि म्हणतात, खाली काहीतरी होतंय. खाली म्हणजे पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळंच आलं." मग तपासलं. हा कातडीचा एक जुनाट आजार आहे, पाळी जायच्या सुमाराला किंवा नंतर बऱ्याच जणींना होतो, लाज वाटते म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. मलम लावायचं, सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि महिन्यातून एकदा आपणच आरशात बघायचं. नवा डाग, जखम, फोड, गाठ, रंग बदललेला, असं काही दिसलं तर थांबायचं नाही. ही झाली किरकोळ गोष्ट.

मी उठणार होते. त्यांनी विचारलं, पाळी कशी आहे. मी म्हटलं, होते. त्या म्हणाल्या, होते म्हणजे काय. मी सांगितलं, कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास, मधेमधे डाग, वयाचंच असेल. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"वयाचं आहे की नाही ते मला ठरवू द्या. तुम्ही काय होतं तेवढं सांगा."

मग त्यांनी समजावलं. जायच्या आधीची चार-सहा वर्षं पाळी मागेपुढे होते, हे खरं. पण दोन पाळ्यांच्या मधले डाग, थांबायचं नाव न घेणारा स्राव, आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेलं रक्त, हे आपल्या मनाने वयावर ढकलायचं नाही. मग आईचं निघालं. त्यांनी विचारलं, "किती दिवस अंगावर काढलं त्यांनी?"

मी म्हटलं, "सात महिने."

त्यांनी लिहून घेतलं आणि मला सोनोग्राफीला पाठवलं. अस्तर जाड दिसलं. आता नमुना काढून तपासायला दिला आहे.

हा सात महिन्यांचा आकडा मला कसा माहीत, हा प्रश्न तुला पडला असेल. मी खोडणार होते. खोडलं नाही.

धाकटी

२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ आहे, 'सात महिने हे तुला कोणी सांगितलं?'

आईने.

ती सकाळची वेळ होती. मी प्रूफं घरी आणली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसले होते. आई माझ्याकडे पाठ करून कप विसळत होती. म्हणाली, "अगं, माझं पुन्हा सुरू झालंय वाटतं." मी विचारलं, काय. ती म्हणाली, "तेच." तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. मी मान वर न करता म्हटलं, "वयाचंच असेल."

सहासष्टाव्या वर्षी, ताई, वयाचं.

तिला हायसं वाटलं. ते तिच्या पाठीवरून कळलं. म्हणाली, मलाही तसंच वाटलं. आणि म्हणाली, ताईला कळवू नकोस, ती पोहण्याचा वर्ग सोडून, तलावातून उठून तशीच ओल्या अंगाने निघून येईल.

माझ्यासमोर त्या दिवशी एका हार्मोनच्या गोळीचं पत्रक होतं. त्यात एक ओळ होती, 'रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तात्काळ डॉक्टरांना भेटा.' त्या ओळीत मी 'तात्काळ'चं 'तत्काळ' केलं. तात्काळ हा शब्द चुकीचा आहे, पुष्कळजण तसंच लिहितात. आई बोलली त्याच्या आधी केलं की नंतर, हे नऊ वर्षं आठवून पाहते आहे. त्याने काही फरक पडत नाही. ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ त्या दिवशी माझ्या घरात उभा होता आणि मला फक्त काना दिसला.

त्यानंतर तिने पुन्हा विषय काढला नाही. फक्त आपले कपडे वेगळे धुवायला लागली, हाताने. दोन गडद पंचे कपाटातून नाहीसे झाले. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. मला कळत होतं आणि मी कळून घेत नव्हते. सात महिन्यांनी ती कचेरीत फोन करून म्हणाली, जरा लवकर येतेस का. मी गेले तेव्हा खुर्ची, लादी, सगळं. पुढचं तुला माहीत आहे, तेव्हा तू आली होतीस.

ती गेली त्यानंतर तिसऱ्या दिवशी जिन्यात तू मला विचारलंस, "तू रोज तिच्याबरोबर होतीस. तुला काहीच कळलं नाही?" आणि मी म्हटलं, "नाही." वर तुलाच सुनावलं, तू तरी कुठे होतीस म्हणून. तू रात्रंदिवस मुलींना पोहायला शिकवतेस आणि आईला बुडू दिलंस, असंही म्हणाले. ते वाक्य मी आधी ठरवून ठेवलं होतं. तू विचारणार हे मला माहीत होतं.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

नमुन्याचा निकाल आला. अस्तरात बिघडलेल्या पेशी आहेत. अजून कर्करोग म्हणता येत नाही, पण वाट त्याच गावाची आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गर्भाशय काढायचं ठरलं आहे. तारीख बावीस मार्च.

धाकटी

१६ मार्च

ताई,

उत्तर नाही, ते मी समजू शकते.

तयारी झाली आहे. रक्त तपासून झालं. कचेरीतून सहा आठवड्यांची रजा मिळाली. मालकांना कारण काय लिहू असं वाचणारणीला विचारलं. ती म्हणाली, "आपण रोज जे वाचतो ते लिही." मी 'पोटाची शस्त्रक्रिया' असं लिहिलं. तिने वाचलं आणि 'पोटाची' या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ मारली. मग मी अर्ज फाडला आणि गर्भाशय असं स्वच्छ लिहिलं. मालकांनी सही केली. जग जागच्या जागी राहिलं.

सोबतीला वाचणारीण येणार आहे. अर्जावर नातेवाइकाची सही लागते तिथे तिने स्वतःचं नाव घालायचं ठरवलं आहे, नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते तिथेच बघू म्हणते. घराची एक किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे, काही कमीजास्त झालं तर म्हणून सांगते. कागदपत्रं लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात.

तू येण्याची गरज नाही. तुझे पोहण्याचे वर्ग या दिवसांत भरलेले असतात, मला ठाऊक आहे. भीती वाटत नाही. हे वाक्य तपासून पाहिलं, बरोबर आहे की नाही सांगता येत नाही, तसंच ठेवते.

धाकटी

९ एप्रिल

ताई,

तू जाऊन आठवडा झाला. टाके सुकले. घरातल्या घरात चालते. वजन उचलायचं नाही, म्हणून शिंपीणबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत.

भूल उतरत असतानाचं मला सगळं धड आठवत नाही. म्हणून जे आठवतं ते लिहून काढते. चुकलं असेल तिथे तू दुरुस्त कर.

मला आठवतं की आत नेण्याआधी परिचारिकेने अर्ज आणला आणि वाचणारीण पेन काढत होती, तेवढ्यात तू दारातून आलीस. हातात प्रवासाची पिशवी, केस नीट विंचरलेले, तोंडावर राग. परिचारिकेच्या हातून अर्ज घेतलास आणि सही केलीस. तिने विचारलं, नातं काय. तू म्हणालीस, "थोरली." तिने तो शब्द जसाच्या तसा लिहिला.

मग मधलं काही नाही. नंतर खिडकीशी ऊन होतं आणि तू खुर्चीत बसली होतीस. मला तहान लागली होती आणि पाणी देता येत नव्हतं, म्हणून तू ओल्या कापसाने माझे ओठ पुसत होतीस. मी काही बोलणार होते. तू म्हणालीस, गप्प राहा, मला बोलायचं आहे, आणि तुला उठून जाता येत नाही तेवढ्यात बोलून घेते.

तू सांगितलंस की तुझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी एक दिवस पोहण्याच्या कपड्यावर गुलाबी डाग दिसला. मग पुन्हा. तू पाण्यात उतरणं बंद केलंस. मुली विचारायच्या, बाई, तुम्ही आत का येत नाही. तू सांगायचीस, खांदा दुखतो. भावोजींनाही खांदाच सांगितलास, आणि त्या बिचाऱ्यांनी शेकायची पिशवी आणून दिली. आठ महिने तू काठावर उभी राहून शिकवत होतीस. आणि रोज मनात मला शिव्या घालत होतीस, की हिला आईचं कळलं कसं नाही.

माझं पहिलं पत्र तू चार दिवस फोडलं नव्हतंस. फोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलीस. गर्भाशयात एक छोटा मोड होता, मांसाची साधी वाढ. काढून टाकला. तपासणीत वाईट काही निघालं नाही. हे सगळं तू कापूस बुडवत बुडवत सांगितलंस, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मग तू म्हणालीस, "तू मला खोटं सांगितलंस, ते मी विसरणार नाही. पण आईने तुला सांगितलं तरी. मी तर कोणालाच सांगितलं नाही."

मी विचारलं, का सांगितलं नाहीस. तू कापूस वाटीत ठेवलास. मग म्हणालीस, "वयाचं नसलं तर काय, याची भीती वाटत होती."

मला वाटतं आईलाही तेच वाटत असणार. तिला त्या सकाळी माझ्याकडून उत्तर नको होतं. मी मान वर करावी एवढंच हवं होतं. हे मी तुला तिथे बोलून दाखवलं की फक्त मनात म्हटलं, आठवत नाही. म्हणून इथे लिहिते.

काढलेल्या गर्भाशयाचा अहवाल काल आला. अस्तरात एका जागी सुरुवात झाली होती, राईएवढी. बाहेर कुठे गेलेलं नाही. पुढे औषध नको, फक्त ठरलेल्या दिवशी दाखवत राहायचं. घराण्यात उतरणारा जो प्रकार असतो त्याच्या खुणा दिसल्या नाहीत, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन बायकांची माहिती चौथीला असलेली बरी.

चौथी म्हणजे तुझी लेक. ती चोवीस वर्षांची आहे, तिला आत्ता काही करायचं नाही, फक्त माहीत असायचं आहे. तू निघताना म्हणालीस, मी सांगेन तिला. परवा फोनवर विचारलं तर म्हणालीस, विषय निघाला नाही. ताई, हा विषय आपोआप निघत नसतो. आपल्या घरात तर मुळीच नाही. मी तिच्यासाठी मजकूर तयार केला आहे. सोबत आहे. तुला नको वाटेल ते खोड आणि परत पाठव.

धाकटी

१८ एप्रिल

बाळा,

हे पत्र मावशीकडून आहे. तुझ्या आईला दाखवून, तिच्या संमतीने पाठवते आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदा पूर्ण वाच आणि जपून ठेव.

तुझी आजी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने गेली. पाळी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर तिला रक्त दिसू लागलं होतं. तिने ते मला सांगितलं आणि मी लक्ष दिलं नाही. मला पन्नाशीच्या आत तेच सुरू होत होतं, ते वेळेवर सापडलं, मागच्या महिन्यात माझं गर्भाशय काढलं आणि मी आता बरी आहे. तुझ्या आईला पाळी गेल्यावर डाग दिसले. तिच्या गर्भाशयात साधा मोड होता, तो काढला. तिचा खांदा कधीच दुखत नव्हता.

कुठल्याही डॉक्टरांनी घरातल्या आजारांबद्दल विचारलं तर हे तिघींचं सांगायचं. त्यांनी नाही विचारलं तरी सांगायचं. महिन्यातून एकदा आरसा घेऊन स्वतःला बघायचं, म्हणजे आपलं नेहमीचं कसं असतं ते कळतं आणि बदललं तर ओळखू येतं. एक बाजू लहान, एक मोठी असली तर तसं असतं, मी उगाच काळजी केली. आणि सांगताना 'खाली काहीतरी' असं म्हणायचं नाही. योनी, गर्भाशय, रक्त, खाज, हे साधे शब्द आहेत. मी ते चौदा वर्षं पगार घेऊन तपासते आहे आणि स्वतःबद्दल वापरायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

तुला कधी काही वेगळं वाटलं तर आम्हाला सांग. मी हातातलं काम ठेवून ऐकेन.

तुझी मावशी

मावशीचा मजकूर मी दोनदा वाचला. खांद्याचं वाक्य खोडणार होते, राहू दिलं. मला डॉक्टरकडे जायला आठ महिने लागले. तू आठ दिवसांच्या वर लावू नकोस. कालपासून मी पाण्यात उतरते आहे.

आई